इथे आईकडे बघायचं

“इथे ‘आईकडे बघायचं’ असं लिहिलंय. कुणाच्या आईकडे?” लेन सबोलनं विचारलं.

प्रेस्टननं कॉफीच्या कपातून तोंड वर काढलं. “ती दुसऱ्या रांगेत बसणार आहे, डावीकडे. तिथे आलात की ओळ थांबवायची. सिनेटर तिच्याकडे बघतील, मान हलवतील, मग पुढची ओळ. घाई नको. सगळं भाषण त्या जागेवर उभं आहे.”

प्रेस्टन हा सिनेटर ॲश्बींची भाषणं लिहिणारा. पोरगेलासा चेहरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी ॲश्बी ओहायोभर फिरत होते आणि आज दुपारी हॅरो क्रीकच्या शाळेतल्या जिममध्ये त्यांचं परराष्ट्र धोरणावरचं मोठं भाषण होतं. बास्केटबॉलच्या मैदानावर फळ्या टाकून व्यासपीठ केलं होतं. व्यासपीठामागे कोण बसणार हेही ठरलं होतं. दोन निवृत्त सैनिक, एक परिचारिका, गिरणीतली टोपी घातलेला एक माणूस. गिरणी बंद पडून जमाना झाला होता, पण टोपी नवी होती.

लेनचं काम साधं. बोलणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताला दोन काचा उभ्या करायच्या आणि त्यांवर भाषणाच्या ओळी खालून वर सरकवायच्या. समोरच्यांना काच रिकामी दिसते, बोलणाऱ्याला मात्र त्यात अक्षरं दिसतात. तो थांबला की ओळ थांबली पाहिजे, तो धावला की धावली पाहिजे. गावातलं टीव्ही केंद्र चालू होतं तोवर लेननं तिथे बातम्या वाचणाऱ्यांसाठी हेच केलं. केंद्राला कुलूप लागल्यावर तो डेलच्या दुकानात आला. डेल माईक, दिवे, पडदे भाड्यानं द्यायचा. महापौर असो, विमा कंपनीचा साहेब असो की नवरीचा बाप असो, लेन सगळ्यांचे शब्द सरकवायचा. “नळ सोडणाऱ्यानं पाण्याची चव बघू नये,” असं तो म्हणायचा. मतदानाच्या दिवशी तो मत देऊन यायचा आणि कुणाला दिलं ते बायको होती तेव्हा तिलाही सांगितलं नव्हतं.

त्यानं बटण फिरवून ओळी पुढे नेल्या. ‘आईकडे बघायचं’च्या वर नाव होतं. कॉर्पोरल कर्टिस युर्को.

लेनचा हात बटणावरच राहिला. त्यानं पुन्हा वाचलं. ‘याच गावातल्या एका स्वयंपाकघरात फोन वाजला. पलीकडे कर्टिस होता. मागे तोफा धडाडत होत्या. आईशी त्याचं ते शेवटचं बोलणं. तो म्हणाला, आई, त्यांना हे अर्धवट सोडू देऊ नकोस.’

कर्टिस लेनच्या बहिणीचा, रोझीचा मुलगा. अफगाणिस्तानात गेला तो पेटीतून परत आला. आणि तो फोन आला तेव्हा लेन त्याच स्वयंपाकघरात बसला होता. रविवार होता. रोझी हलुपकी करत होती, कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून. हात बरबटलेले, म्हणून तिनं फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला होता. मागे तोफाबिफा काही नव्हत्या, कुणीतरी पत्त्यांच्या डावात हरून शिव्या देत होतं. कर्टिसला कुठूनशी कोबी मिळाली होती, तर पानं फाटू नयेत म्हणून आधी काय करायचं ते तो विचारत होता. मग रोझी म्हणाली, “तिकडे ठीक चाललंय ना रे?” तर तो हसला. म्हणाला, “मी इथे काय करतोय ते विचारू नकोस आई. मलाही कुणी सांगितलेलं नाही.” एवढंच.

“हे खोटं आहे,” लेन म्हणाला.

“काय?”

“हे वाक्य. तो असं बोललाच नाही. मी त्याचा मामा आहे. मी तिथे होतो.”

प्रेस्टन क्षणभर गोंधळला. मग त्याचा चेहरा उजळला. “तुम्ही मामा? अरे वा! हे आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही?”

“मी काय म्हणतोय ते ऐकलंत का?”

“ऐकलं. पण ते वाक्य मी नाही रचलं, लेन. त्याच्या आईनंच सांगितलंय. आमच्या प्रचारातली ब्रुक स्वतः जाऊन आलीय त्यांच्या घरी.” तो लेनच्या शेजारच्या खोक्यावर बसला आणि घरच्या माणसाला सांगावं तसं सांगू लागला. “हे बघा, परराष्ट्र धोरण म्हटलं की लोक जांभया देतात. सामुद्रधुनी, करार, तेलाच्या वाहिन्या, कुणाला काय पडलंय? म्हणून आधी जरा भीती घालायची. आज ते तिकडे आहेत, उद्या तुमच्या गल्लीत येतील. मग ‘ते’ आणि ‘आपण’. मग आजोबांच्या वेळचं मोठं युद्ध काढायचं. ते सगळ्यांना आवडतं, कारण ते आपण जिंकलो. मग विचारायचं, ताठ उभं राहायचं की गुडघे टेकायचे? तिसरा रस्ता सांगायचाच नाही. आणि लोक तापले की त्यांना एका बाईच्या स्वयंपाकघरात न्यायचं. तिथून पुढे कुणी उलट प्रश्न विचारत नाही. पोरगा गेलेल्या आईला कोण काय विचारणार?”

रस्सा कसा केला ते सांगावं इतक्या सहज तो हे सांगत होता. लेननं त्याच्याकडे बघितलं.

“आणि हे सगळं कशासाठी? शेवटी काय मागतोय तुझा सिनेटर?”

“वाचा ना पुढे.”

पुढे दुसऱ्याच एका देशात सैन्य पाठवायचं होतं. हॅरो क्रीकमधल्या निम्म्या लोकांना तो देश नकाशावर दाखवता आला नसता. ‘कर्टिसनं सुरू केलेलं आपण पूर्ण करू,’ असं लिहिलं होतं. कर्टिस त्या देशाच्या आसपासही कधी गेला नव्हता.

लेननं जाकीट उचललं आणि तो बाहेर पडला. मागून डेल ओरडला, “अरे, आवाजाची चाचणी राहिलीय!” लेननं वळूनही बघितलं नाही.

*

रोझी आरशासमोर उभी होती. अंगात गर्द निळा नवा कोट. एरवी ती शाळेची बस चालवायची. ते पिवळं जाकीट सोडून दुसऱ्या कशात ती लेनला बऱ्याच वर्षांत दिसली नव्हती.

“काळा घालणार होते,” ती म्हणाली. “पण ब्रुक म्हणाली काळा नको, टीव्हीवर फार सुतकी दिसतं. निळ्यात दुःखही दिसतं आणि उमेदही दिसते म्हणे. तू इथे कसा? आज कामावर नाहीस?”

“कर्टिस काय म्हणाला होता गं त्या फोनवर?”

रोझीचे हात कोटाच्या बटणाशी थांबले.

“तुला माहितीय.”

“मला माहितीय. त्यांना काय सांगितलंस ते विचारतोय.”

ती पलंगाच्या कडेवर बसली. मग बोलली तेव्हा आवाजात आधीच भांडण होतं. “तुला काय करायचंय? एवढ्या वर्षांत त्याच्याबद्दल कुणी विचारलं? पुलाला नाव देऊ म्हणाले, नाही दिलं. लोक मला बघून रस्ता ओलांडतात, काय बोलावं कळत नाही म्हणून. ती पोरगी आली, माझ्या टेबलाशी बसली, अक्रोडाचा रोल खाल्ला, त्याचे फोटो बघितले. शाळेतला, संघातला, सगळे. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा आली.”

“आणि?”

“आणि विचारायची. तो तिकडच्या कामाबद्दल काय बोलायचा? मी म्हटलं, काही नाही, हलुपकीबद्दल बोलला. ती हसली, डोळे पुसले. मग म्हणाली, पण त्याला अभिमान असेल ना? म्हटलं, असेल. मग म्हणाली, असा मुलगा काम अर्धवट सोडणारा नसणार. म्हटलं, नाही, लहानपणापासून हातात घेतलेलं टाकायचा नाही. मग म्हणाली, तो आज असता तर काय म्हणाला असता? आता मी काय सांगू लेन? मी म्हटलं, म्हणाला असता की अर्धवट सोडू नका. पुढच्या वेळी आली तेव्हा तिनं ते लिहूनच आणलं होतं. ‘म्हणाला असता’ नव्हतं त्यात. ‘म्हणाला’ होतं. मला वाचून दाखवलं. म्हणाली, किती सुंदर बोलला तुमचा मुलगा.”

“आणि तू गप्प बसलीस.”

“हो, बसले गप्प!” रोझी ओरडली. “कारण ऐकायला बरं वाटलं! तो कोबी उकडायची कशी ते विचारत मेला, हे ऐकायला कुणाला हवंय? मला एकदा, एकदाच वाटलं की तो कशासाठी तरी गेला. नाव घेतील, सगळे उभे राहतील, एवढंच सांगितलं होतं मला. एवढं मिळू नये मला?”

लेनला तिच्यावर चिडता येईना. आत भडकलेलं सगळं दुसरीकडे वळलं. त्यानं त्या पोरीला कधी पाहिलं नव्हतं, पण रोझीच्या टेबलाशी बसून, बशीतला रोल खात, एका बाईच्या तोंडून हवं ते वाक्य दोऱ्यासारखं ओढून काढताना ती त्याला स्पष्ट दिसली.

“ते वाक्य कशाला वापरणार आहेत माहितीय का तुला?” तो म्हणाला. “नवं युद्ध काढतायत. दुसरीकडे. कर्टिसची इच्छा म्हणून.”

“नाही. त्याच्यासाठी श्रद्धांजली आहे.”

“मी वाचून आलोय रोझी. काचेवर मीच सरकवणार आहे ते. पुन्हा पोरं पाठवणार आहेत, आणि ती कर्टिसनं मागितली असं म्हणणार आहेत.”

रोझी त्याच्याकडे बघत राहिली. मग खिडकीकडे. समोरच्या घरातल्या पोरीनं मागच्या वर्षी शाळा संपवली होती आणि ती सैन्यात भरती झाली होती. सात वर्षांची असल्यापासून ती रोझीच्या बसमध्ये चढायची. पहिल्या दिवशी रडून ओकली होती, आणि रोझीनंच ते पुसलं होतं.

“ॲशलीचं ट्रेनिंग चालू आहे अजून तिकडे,” रोझी हळूच म्हणाली. “तिला पाठवतील?”

“कुणाला तरी पाठवतीलच ना. सिनेटरची पोरं जात नसतात.”

रोझी उठली. निळा कोट काढून तिनं पलंगावर फेकला आणि खुंटीवरचं बसचं पिवळं जाकीट अंगात चढवलं.

“चल,” ती म्हणाली. “सांगते तिला, ते वाक्य काढ म्हणून.”

*

ब्रुक जिमच्या दाराशीच भेटली. तिनं आधी जाकीट बघितलं, मग हसली, आणि रोझीचे दोन्ही हात हातात घेतले.

“मिसेस युर्को! कोट बसला नाही का?”

“ते वाक्य काढा,” रोझी म्हणाली. “तो तसं बोलला नव्हता.”

“तुम्ही घाबरलाय. अगदी साहजिक आहे.”

“मी घाबरलेली नाही. तो तसं बोलला नव्हता आणि मीही तसं म्हणाले नव्हते. तुम्ही म्हणालात, आणि मी मान हलवली.”

“पण भावना तर त्याचीच ना?” ब्रुकचा आवाज इतका मऊ होता की लेनला तो अंगावरून गोगलगाय गेल्यासारखा वाटला. “शब्द इकडचे तिकडे होतात. आईला मुलाच्या मनातलं कळतं. तुम्हीच सांगितलंत ना, हातात घेतलेलं तो टाकत नसे?”

“मी त्याच्या सायकल दुरुस्तीबद्दल सांगत होते!”

दारातून आत जाणारे लोक थबकून बघू लागले. प्रेस्टन लगबगीनं आला. काय झालं ते त्याला ब्रुकनं कानात सांगितलं. त्यानं घड्याळ बघितलं. “भाषणाची प्रत वर्तमानपत्रांकडे सकाळीच गेलीय, मिसेस युर्को. आता एक शब्द हलवला तर तेच लोक विचारतील, का हलवला. मग तुमच्यामागे लागतील. ‘शहीद जवानाची आई खोटं बोलली’, असं छापतील. आम्हाला ते तुमच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही.”

धमकी होती, पण तिला काळजीचा सदरा चढवलेला होता. लेननं रोझीचा हात धरला.

“चल, घरी जाऊ,” लेन म्हणाला.

“नाही.” तिनं त्याचा हात सोडवला. “मी नाही बसले तर ते रिकाम्या खुर्चीकडे बघून रडतील. ते जास्तच चांगलं दिसेल त्यांना. मी बसते. पण मी उठणार नाही. माझ्यासमोर बोलू दे त्याला.”

ती दुसऱ्या रांगेत जाऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंना गणवेशातले म्हातारे सैनिक आणून बसवले. डेलनं लेनला पडद्यामागे गाठलं. “तुझ्या बहिणीचं मला वाईट वाटतं,” तो म्हणाला. “पण हे गिऱ्हाईक मोठं आहे. बटण फिरव, तोंड उघडू नकोस. कळलं?”

*

सिनेटर ॲश्बी बोलायला चांगलेच होते, हे लेनलाही नाकारता येईना. त्याच्या बोटांना ते लगेच कळलं. ते धापा टाकत नव्हते, अडखळत नव्हते. एखादा शब्द ते मुद्दाम हळू उच्चारायचे, जणू आत्ताच सुचला. आणि तो शब्द काचेवर लेनच्या बोटाखालून वर जात असायचा.

“आज ते तिकडे आहेत. उद्या ते कुठे असतील?” सिनेटर म्हणाले.

जिममध्ये कुजबुज झाली.

“आपल्या आजोबांना हाच प्रश्न पडला होता. ते म्हणाले का, की हे आपलं काम नाही? ते म्हणाले का, की समुद्र फार रुंद आहे?”

“नाही!” मागून कुणीतरी ओरडलं. दुसऱ्यांदा विचारल्यावर आणखी ओरडले. तिसऱ्यांदा सगळी जिम ओरडली. तीन वेळा विचारायचं होतं, तसंच लिहिलं होतं. लेननं सकाळी ते वाचलं तेव्हा त्याला ते खुळचट वाटलं होतं. आता फळ्या हादरत होत्या. ओळखीचे चेहरे दिसत होते. बेकरीवाला स्टॅन, ग्रंथालयातली मिसेस होरव्हात, लेनचा दाढीचा न्हावी. बरी माणसं. कुणाच्या घरी काही झालं तर भांडं भरून जेवण घेऊन धावणारी. आणि इथे त्यांच्या माना ओळीबरोबर वर-खाली होत होत्या.

“दोनच रस्ते आहेत,” सिनेटर म्हणाले. “ताठ उभं राहणं. नाहीतर गुडघे टेकणं.”

टाळ्या.

मग त्यांनी आवाज खाली आणला. ‘आवाज खाली’ असं काचेवर लिहिलेलं होतंच. “याच गावातल्या एका स्वयंपाकघरात,” ते म्हणाले, “एक फोन वाजला.”

लेनला पडद्याच्या फटीतून रोझी दिसत होती. पिवळं जाकीट, मांडीवर मुठी. तिनं सिनेटरवरून नजर काढली नव्हती.

“पलीकडे कर्टिस होता. कॉर्पोरल कर्टिस युर्को.”

लेननं बटणावरून हात काढला.

त्यानं आधी काही ठरवलं नव्हतं. त्याच्या हाताला एवढंच कळलं की पुढची ओळ आपण वर न्यायची नाही. काचेवर कर्टिसचं नाव तसंच राहिलं. सिनेटरनी डावीकडे बघितलं. तेच नाव. उजवीकडे बघितलं. तेच. अर्धा श्वास गेला. डेल कानातल्या यंत्रातून ओरडत होता, “लेन! सरकव! काय झालंय?” लेननं ते यंत्र कानातून काढून टेबलावर ठेवलं. बोल आता, तो मनात म्हणाला. बोल काय बोलायचं ते. तुझ्या तोंडात शब्द नाहीत. दिसू दे सगळ्यांना.

सिनेटरच्या पुढ्यात छापील कागद होते. त्यांनी ते उचलले. बघितले. आणि सावकाश उलटे करून ठेवून दिले.

“माफ करा,” ते म्हणाले. “हे मला वाचून सांगायचं नाही.”

ते व्यासपीठाच्या कडेला आले. चष्मा काढला. जिममध्ये श्वासाचाही आवाज नव्हता. “त्याच्या मागे तोफा धडाडत होत्या,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज कापला. “आणि तो पोरगा, आपला पोरगा, आईला म्हणाला, आई, त्यांना हे अर्धवट सोडू देऊ नकोस.”

एकही शब्द चुकला नाही. त्यांना सगळं पाठ होतं. ज्यावर भाषण उभं होतं ते वाक्य कोण विसरेल? त्यांनी रोझीकडे बघितलं. डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं. त्या माणसाला स्वतःचं बोलणं ऐकून रडू आलं होतं.

सगळी जिम उठली. खुर्च्या मागे सरकल्या, टोप्या निघाल्या, न्हावी रडत होता. उभ्या माणसांच्या भिंतीत रोझी दिसेनाशी झाली. ती बसून होती. पण बसलेली बाई फक्त समोरच्या कॅमेऱ्याला दिसली, आणि कॅमेऱ्याला ती कोसळलेली आई दिसली.

सिनेटर खाली उतरले, तिच्यासमोर एका गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तिला मिठी मारली. रोझी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली, “तो असं म्हणालाच नव्हता. मी खोटं बोलले.”

“मला कळतंय,” सिनेटर तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले. “मला सगळं कळतंय.” आणि ते तिच्या खांद्यावरून कॅमेऱ्याकडे बघत होते.

*

दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच गोष्ट होती. ॲश्बींनी कागद बाजूला ठेवले. ॲश्बी मनापासून बोलले. धोरणाबद्दल, त्या देशाबद्दल, किती माणसं जाणार आणि कधी परत येणार याबद्दल कुणी ओळही लिहिली नव्हती. फोटोत रोझीचं डोकं सिनेटरच्या खांद्यावर होतं. खरं तर ती तेव्हा बोलत होती, पण फोटोला आवाज नसतो.

दुपारी डेलच्या दुकानात प्रेस्टनचा फोन आला. डेलनं तो लेनच्या हातात दिला.

“तुम्ही अफलातून आहात!” प्रेस्टन म्हणाला. “मुद्दाम केलंत ना? मुद्दाम केलं असो की यंत्र बिघडलं असो, मला काही फरक पडत नाही. किती लोकांनी बघितलं त्याचे आकडे पाहिलेत का? डेटनला शनिवारी सभा आहे. तुम्ही यायचं. त्याच जागी काच थांबवायची. ते कागद उलटे ठेवतील, चष्मा काढतील. आता ते भाषणातच घालतोय मी.”

लेननं दुकानाच्या काचेतून बाहेर बघितलं. त्याचा संताप इतका मोठा होता की त्याला तोंडात धरायला जागा मिळेना. आपल्या हातात एकच गोष्ट होती, थांबवणं, आणि ती यांनी उचलून खिशात घातली.

“लेन? आहात ना?”

“माझ्या भाच्याचं नाव पुन्हा तोंडातून काढलंत,” लेन म्हणाला, “तर मी त्या काचा फोडीन. दोन्ही. सभेत. सगळ्यांसमोर.”

“तुम्ही फार भावनेच्या भरात—”

“हो. मी भरात आहे. हे तुझ्या कागदावर लिहून ठेव.”

त्यानं फोन आपटला. डेलनं दुकानाच्या किल्ल्या परत मागितल्या. इतकी वर्षं शेजारी उभं राहून काम केलेलं, म्हणून डेल एवढंच म्हणाला, “तुझा पान्याचा डबा घेऊन जा.” लेननं तोही घेतला नाही. डेटनच्या सभेत दुसऱ्या कुणीतरी काच थांबवली, आणि सिनेटरनी चष्मा काढला.

रोझी मात्र गप्प बसली नाही. तिनं जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला स्वतः फोन केला. पत्रकार बाई आली, त्याच टेबलाशी बसली. रोझीनं तिच्यासमोर खायला काही ठेवलं नाही. सगळं सांगितलं. ब्रुकनं कसं विचारलं, आपण कशी मान हलवली, आपल्याला ते का आवडलं, आणि कर्टिस खरं काय म्हणाला. कोबीचंही सांगितलं. ‘मी खोटं बोलले, आणि त्यांना ते खोटंच हवं होतं,’ हे तिचं वाक्य छापून आलं. आतल्या पानावर, गाड्यांच्या जाहिरातीशेजारी. सिनेटरच्या माणसांनी दोन ओळींत उत्तर दिलं. दुःखानं खचलेल्या आईबद्दल आमच्या मनात आदरच आहे, ज्यांनी तिचा वापर केला त्यांची आम्हाला कीव येते.

गावाला तेवढं पुरलं. पेट्रोल पंपावर एकानं लेनला विचारलं, “विरोधी पार्टीनं किती दिले रे तुम्हा दोघांना?” लेननं त्याची गळपट्टी धरली, तेव्हा लोकांनी दोघांना बाजूला केलं. चर्चमध्ये मिसेस होरव्हात रोझीच्या बाकावरून उठून पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. “मुलाच्या तोंडचे शब्द आईच नाकारते,” त्या कुणाला तरी म्हणाल्या, हळू, पण रोझीला ऐकू जाईल अशा बेतानं. शाळेच्या वाहतुकीच्या साहेबानं रोझीला बोलावून सांगितलं, काही दिवस रजा घे, पालकांचे फोन येतायत. रोझी म्हणाली, “कर्टिस गेला तेव्हा मी तिसऱ्या दिवशी बस काढली होती. आता कशाला रजा घेऊ?”

लेनला सकाळी जायला कुठे नव्हतं. एके दिवशी तो नोकरीसाठी एका गोदामात विचारायला निघाला आणि मेपल स्ट्रीटवर त्याची गाडी रोझीच्या बसच्या मागे आली. मार्चची सकाळ, रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ. बस बरीचशी रिकामी दिसत होती. मागच्या काचेतून दोन-तीन टोप्या, बाकी नुसती आसनं. ज्या घरांच्या दारातून एरवी पोरं धावत यायची, ती घरं आता आपल्या पोरांना स्वतःच्या गाडीतून शाळेत सोडत होती. काही गाड्या बसला ओलांडून पुढे गेल्या. त्यांच्या मागच्या सीटवर पोरं बसली होती. त्यातल्या एकीनं बसकडे बघून हात वर केला, तर आईनं तिचा हात खाली ओढला.

पुढच्या कोपऱ्यावर बस थांबली. तांबडे दिवे लुकलुकायला लागले. बाजूची ‘थांबा’ची पाटी बाहेर आली. कायद्यानं मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या. बसचं दार उघडलं. कोपऱ्यावर कुणीच नव्हतं.

बस उभी राहिली. मागून एकानं हॉर्न वाजवला. मग दुसऱ्यानं. मग लांबपर्यंत हॉर्न वाजू लागले. तांबडे दिवे लुकलुकत राहिले. उघड्या दारातून लेनला रोझीचं पिवळं जाकीट आणि स्टिअरिंगवरचा तिचा हात दिसत होता. ती मान वळवून त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती, जसं कुणी उशिरा येणारं पोर दिसतंय का ते बघावं. घाई करत नव्हती. तिथे थांबायचा जेवढा नियम होता तेवढं ती थांबणार होती.

लेननं गाडीचं इंजिन बंद केलं.